खारपाणपट्ट्यातली प्रवाळ टाकी: स्किमर नंतर, आधी वरचं पाणी

दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या भागातलं एक गाव. बोअरला पाणी आहे, पण ते ना पिकाला मानवतं ना माणसाला. समुद्र इथून साडेचारशे किलोमीटर तरी लांब. तिथल्या एका घराच्या बैठकीत चार फुटी समुद्री टाकी दोन वर्षांपासून चालू होती आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ती बिघडायला लागली.

टाकीचं माप १२० × ४५ × ४५ सें.मी., काच ८ मि.मी. दगड-वाळू वजा जाता पाणी २०० लिटर. मागे टांगलेला फिल्टर, छोटा टांगता स्किमर (घाण फेसात पकडून बाहेर काढणारं यंत्र), एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), वर पांढरे एलईडी. दोन क्लाउनफिश, एक फायरफिश, एक पिवळ्या शेपटीचा डॅमसेल, एक क्लीनर कोळंबी. प्रवाळ सगळे मऊ: झोआंथस, मशरूम आणि एक मोठा टोडस्टूल लेदर. दगड सिरॅमिकचे, कारखान्यात केलेले. ही निवड योग्यच होती. आपल्याकडचे सगळे कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. कुणी किनाऱ्यावरचा ‘लाइव्ह रॉक’ (समुद्रातून उचललेला, जीव असलेला दगड) किंवा कठीण प्रवाळाचा तुकडा स्वस्तात देऊ केला तर तो घ्यायचाच नाही. मऊ प्रवाळांची टाकीही डोळे निववते आणि विदर्भातल्या विजेवर तीच टिकते.

एप्रिलच्या मध्यात मोजलेले आकडे: नायट्रेट ८० पीपीएम (दर लिटरला मिलिग्रॅम), फॉस्फेट ०.६ पीपीएम, अल्कलिनिटी (मुख्यतः बायकार्बोनेटचं माप, एकक डीकेएच) ११.४ डीकेएच, कॅल्शियम ३६०, दुपारचं तापमान ३१.५ अंश. क्षारता ३९, म्हणजे दर हजारी ३९ भाग. दगडांवर केसाळ शेवाळ, वाळूवर लाल साय, झोआंथस मिटलेले. मालकांनी दोन वस्तू ठरवून ठेवल्या होत्या: दुप्पट क्षमतेचा स्किमर आणि १/१० अश्वशक्तीचा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र). दोन्हींची खरेदी थांबवली, कारण तोवर एक गोष्ट कुणी मोजलीच नव्हती. रोज बादलीने वरून जे पाणी टाकीत पडत होतं, त्यात काय आहे?

वरच्या पाण्याचा हिशोब

उन्हाळ्यात टेबलफॅन पाण्यावर लावला की या टाकीतून दिवसाला ८ लिटर पाणी उडत होतं. ती भर स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याने व्हायची. आरओ म्हणजे शुद्ध पाणी, ही समजूत इथे नडली. पिण्याच्या बहुतेक आरओत टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो. चव यावी म्हणून तो मेंब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून आलेल्या पाण्यात थोडं बाहेरचं पाणी मिसळतो. या घरी बोअरचा टीडीएस २१०० आणि नायट्रेट ९० च्या घरात होतं, तर आरओच्या नळाला टीडीएस २२० आणि नायट्रेट २०.

८ लिटर गुणिले २० म्हणजे रोज १६० मिलिग्रॅम नायट्रेट. २०० लिटरला भागलं की दिवसाला ०.८ पीपीएम, महिन्याला २४. वाफ होऊन पाणी उडतं, नायट्रेट उडत नाही, ते साचत जातं. आता तुलनेला माशांचं खाणं घ्या. रोज अर्धा ग्रॅम कोरडं खाद्य, त्यात ४५ टक्के प्रथिनं, आणि प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन. तो सगळा नायट्रेट झाला तरी १६० मिलिग्रॅमच होतात. म्हणजे टाकीत जेवढे मासे दिसत होते तेवढेच न दिसणारे मासे रोज बादलीतून खाऊन जात होते. त्यावर दुप्पट स्किमर आणून काहीच साधलं नसतं. स्किमर सेंद्रिय घाण फेसात पकडतो. पाण्यात विरघळून आलेलं नायट्रेट त्याच्या हाती लागत नाही.

दुसरी गोष्ट क्षारतेची. भर दोन दिवसांतून एकदा व्हायची. दोन दिवसांत १६ लिटर उडालं की २०० लिटरच्या टाकीत ३६ ची क्षारता ३९ होते, आणि बादली ओतली की पुन्हा ३६. आठवड्यातून तीनदा तीन अंशांचा हेलकावा. झोआंथस मिटायला तेवढा पुरतो, तिथे प्रकाशाला दोष देण्यात अर्थ नाही.

घरातल्या आजोबांचा सवाल मात्र रास्त होता: “बोअरचं पाणी तं खारंच हाये, मंग मीठ कायले इकत घ्या लागते?” खारपाण खारं असलं तरी समुद्राचं नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये ३५ ग्रॅम क्षार, त्यात मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम ४१० च्या आसपास. या बोअरमध्ये जेमतेम २ ग्रॅम, आणि त्यातही सोडियम व बायकार्बोनेटचा भरणा. टाकीत अल्कलिनिटी ११.४ वर चढलेली आणि कॅल्शियम ३६० वर उतरलेलं होतं, ते यामुळेच.

पाणी तयार करण्याची सोय

पहिला खर्च इथे केला. स्वयंपाकघराचा आरओ पिण्यासाठी तसाच ठेवला आणि टाकीसाठी वेगळा संच बांधला: ५ मायक्रॉनचा गाळ फिल्टर, कार्बन ब्लॉक, बूस्टर पंप, १०० जीपीडीचं (दिवसाला १०० गॅलन पाणी देणारं) मेंब्रेन, फ्लो रिस्ट्रिक्टर, आणि शेवटी १० इंची हाउसिंगमध्ये मिक्स्ड-बेड डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे मणी). टीडीएस कंट्रोलर नाही, मिनरल कार्ट्रिज नाही. यूव्हीची गरज नाही.

पाणी बोअरचं घेतलं नाही, नळाचं घेतलं. पाणीपुरवठा योजनेचा नळ इथे काही दिवसांआड येतो, म्हणून ५०० लिटरची टाकी फक्त यासाठी ठेवली. कारण साधं आहे. मेंब्रेन चांगलं असेल तर ९५ टक्के क्षार अडवतं. २१०० चं पाणी दिलं तर मेंब्रेननंतर १०५ उरतात, २८० चं दिलं तर १२ ते १४. उरलेलं सगळं रेझिनला ओढावं लागतं. म्हणजे बोअरवर रेझिन आठपट लवकर संपणार. महिन्याला साडेतीनशे लिटर पाणी लागणाऱ्या या घरी बोअरवर कार्ट्रिज महिन्याभरातच बदलावं लागलं असतं.

या भागात तीन गोष्टी हमखास चुकतात. एक, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं मे महिन्यातलं पाणी. मेंब्रेनची सोय साधारण ४५ अंशांपर्यंतची असते, आणि पाणी जितकं गरम तितके क्षार जास्त निसटतात. म्हणून साठवणीची टाकी सावलीत, आणि संच पहाटे चालवायचा. दोन, पावसाळ्यात योजनेच्या पाण्यात ब्लीचिंग जास्त पडतं. क्लोरीन मेंब्रेनला खातं, म्हणून कार्बन ब्लॉक सहा महिन्यांनी बदलायचा, दिसायला कितीही स्वच्छ असला तरी. तीन, संच बंद राहिल्यावर मेंब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू सारखे होतात आणि सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं खराब पाणी येतं. मेंब्रेन आणि डीआयच्या मध्ये एक टी आणि कॉक लावून ते पाणी बाहेर सोडायचं. रेझिनचं आयुष्य त्याने डोळ्यांना दिसण्याइतकं वाढतं. डीआयनंतर टीडीएस ०, आणि मीटरवर १ दिसला की रेझिन बदलायचं. संपत आलेलं रेझिन धरून ठेवलेले सिलिकेट व नायट्रेट आधी सोडतं, त्यामुळे ‘३ च तर आहे’ असं म्हणत चालवू नये.

नळाच्या पाण्याचं रिजेक्ट, म्हणजे मेंब्रेनने बाहेर टाकलेलं पाणी, धुण्या-भांड्यांना चालतं. बोअरचं रिजेक्ट झाडांना घालू नये. काळ्या मातीत सोडियम साचला की माती चोपण होते.

भर घालण्यासाठी ऑटो टॉप-ऑफ बसवला: ऑप्टिकल सेन्सर, त्याच्या वर दोन सें.मी. अंतरावर आणीबाणीचा फ्लोट स्विच, आणि २५ लिटरचं झाकणाचं पिंप. पिंप मुद्दाम एवढंच. सेन्सर अडकून सगळं पिंप रिकामं झालं तरी टाकी आणि खाली जोडलेला संप (त्याचं पुढे येईल) मिळून २६० लिटरमध्ये क्षारता ३५ वरून ३२ च्या आसपास येते आणि सगळे जीव वाचतात. १०० लिटरचं पिंप जोडलं असतं तर वाचले नसते. पंपाच्या नळीचं तोंड पाण्याच्या वर ठेवायचं, नाहीतर सायफन लागून पिंप आपोआप खाली होतं.

या पिंपात चुन्याचं पाणी, म्हणजे काल्कवासर, घालावं का असं विचारलं जातं. इथे नाही. संपृक्त चुन्याच्या ८ लिटर पाण्याने २६० लिटरच्या टाकीत एका दिवसात ३.४ डीकेएच वाढ होते. कमी वाफेच्या गावात जमणारी युक्ती वैशाखातल्या विदर्भात टाकी मारून टाकेल.

संप, आणि लाईन गेल्यावर खाली येणारे पंधरा लिटर

टाकीखाली ७५ × ४० × ३८ सें.मी.चा ६ मि.मी. काचेचा संप केला. पहिल्या कप्प्यात फिल्टर सॉक, दुसऱ्यात स्किमर, मग बुडबुडे अडवणाऱ्या तीन पट्ट्या, शेवटी पाणी परत वर टाकीत चढवणारा रिटर्न पंप. स्किमरच्या कप्प्यातली पट्टी अशी की पाणी कायम २० सें.मी. राहील. ही उंची स्किमरच्या माहितीपत्रकात असते. ती दोन सें.मी.ने जरी हलली तरी फेस एकतर कपात चढत नाही किंवा कप भरून वाहतो. क्षमतेचा मोठा आकडा पाहून स्किमर घेणारे बरेचजण हे बघत नाहीत. ४०० लिटरसाठीचा साधा स्किमर इथे पुरला. पहिले सहा दिवस तो नुसतं पाणी उडवत होता. नव्या स्किमरचं असंच असतं, त्याला हात लावू नये.

टाकीच्या काठावर टांगायचा सायफन ओव्हरफ्लो या गावात चालणार नाही. लाईन गेली, आली, तेवढ्यात सायफन तुटला, तर रिटर्न पंप संपातलं पाणी वर ढकलत राहतो आणि ते फरशीवर सांडतं. म्हणून मागची काच भोकलीच. आधी काच टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) नाही ना हे पाहिलं: मागे लॅपटॉपचा पांढरा पडदा, समोर पोलराइज्ड गॉगल. काळे ठिपके-पट्टे दिसले तर ड्रिल लावायचं नाही, काचेचा चुरा होतो. इथे ते दिसले नाहीत. टँक कनेक्टर आधी आणून मोजला, मगच त्या मापाचा हिऱ्याचा बिट मागवला. पाण्याची धार, कमी वेग, हाताचा दाब जवळजवळ नाही. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान एका भोकाएवढं अंतर. भोकं दोन: एक गेट व्हॉल्व्ह लावलेली मुख्य उतरण, दुसरी कोरडी, आणीबाणीची. दोन्ही एक इंची यूपीव्हीसी. कनेक्टर, युनियन, व्हॉल्व्ह सगळं ठिबकच्या दुकानात मिळालं. फक्त पितळेचा एकही तुकडा घ्यायचा नाही. तांबं कोळंबीला आणि प्रवाळाला अगदी थोड्या प्रमाणातही विष आहे.

पंप बंद पडला की वरची पातळी रिटर्नच्या तोंडापर्यंत उतरते. १२० × ४५ चा पृष्ठभाग, २ सें.मी. उतरण, म्हणजे १०.८ लिटर. पाइपातलं, उतरणीच्या पेटीतलं धरून १५. संपाचा पृष्ठभाग ३००० चौ. सें.मी., म्हणजे तिथे पाणी ५ सें.मी. चढणार. चालू असताना संपात वर निदान ८ सें.मी. मोकळे राहिलेच पाहिजेत. सायफन तोडायला पाइपात पाडतात त्या ३ मि.मी.च्या छिद्रावर विसंबू नये, ते मिठाने बुजतं. रिटर्नचं तोंडच पाण्याच्या वरच्या थरात ठेवायचं. मग मेन स्विच दहा वेळा पाडून पाहायचा, लागोपाठ. तेवढं केल्याशिवाय टाकीत एकही नवा जीव सोडलेला नाही.

सगळं मिळून वजन साडेतीनशे किलोच्या पुढे. काळ्या मातीवरच्या शहाबादी फरशीला पावसाळ्यात एक पातळी, उन्हाळ्यात दुसरी. स्टँडखाली १८ मि.मी. प्लायचे मोठे पाट, टाकीखाली १० मि.मी. थर्माकोल, आणि जूनमध्ये व नोव्हेंबरमध्ये पातळी तपासणं.

संप भरताना एक काम साधून घेतलं. वरचं पाणी ३६ वर असताना संपातलं ६० लिटर नवं पाणी ३२ चं केलं. दोन्ही मिसळून ३५ आले. नायट्रेटही ८० वरून ६१ झालं. जुन्या फिल्टरचा स्पंज चार आठवडे संपातच ठेवला, जीवाणू हलेपर्यंत.

पुढे दर आठवड्याला २० टक्के, म्हणजे ५२ लिटर पाणी बदलायचं. त्याला सुमारे १.९ किलो समुद्री मीठ. मीठ पाण्यात टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर तळाशी कॅल्शियम पांढरं बसतं. पंप लावून रात्रभर फिरवायचं. हिशोबाने सहा बदलांत नायट्रेट १६ वर यायला हवं होतं. प्रत्यक्षात आठ लागले, कारण वाळूतून आणि दगडातून मागचं बाहेर येत राहतं. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या द्रावणाने जुळवलेला असावा, साध्या पाण्याने शून्यावर जुळवलेला वर जाऊन चुकू शकतो.

गरमी: मे नव्हे, ऑगस्ट

चिलर का नको, याचं उत्तर हवेत आहे. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्याचं तापमान २३ च्या आसपास असतं. पाण्यावर वारा घातला तर पाणी त्या दिशेने उतरतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता जाते. २६० लिटर पाणी एका अंशाने उतरवायला जेमतेम ४४० मिलिलिटर उडावं लागतं. १२ व्होल्टचे दोन १२० मि.मी. पंखे, दोन्ही मिळून १० वॅटच्या आत, कंट्रोलरवर २७ अंशांना लावले. त्या मे महिन्यात टाकी २७.६ च्या वर गेली नाही. चिलर आपली उष्णता त्याच खोलीत सोडतो, ४० अंशांच्या खोलीत दमतो, आणि इन्व्हर्टरवर फार वेळ चालत नाही. काचेचं झाकण काढून जाळी लावली, कारण फायरफिश उडी मारतो.

हा नियम पावसाळ्यात उलटतो. ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत ओल्या फडक्याचं तापमान २८ ला टेकतं. तेव्हा पंखा कितीही फिरवा, पाणी २८.५ च्या खाली येत नाही. मऊ प्रवाळांना ते चालतं. त्या दिवसांत कूलर मात्र बंद ठेवायचा, तो खोलीची आर्द्रता आणखी वाढवतो. आणि जानेवारीच्या रात्रींसाठी १०० वॅटचे दोन हीटर. २०० चा एकच घेतला आणि तो चालूच अडकला तर टाकी उकळते.

लाईन

रिटर्न पंप २५ वॅटचा डीसी, वेव्हमेकर १०, पंखे ८, बाकी ५. इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरून ६५ वॅट. १२ व्होल्ट, १५० एएचची बॅटरी निम्मी वापरायची ठरवली तर तेरा-चौदा तास. त्याच इन्व्हर्टरवर छताचे दोन पंखे असतील तर चारेक तास, म्हणून टाकीला वेगळा इन्व्हर्टर दिला. दिवे, हीटर, स्किमर त्यावर नाहीत. डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) जळाली तर दोन दिवसही जातात, त्यासाठी बॅटरीवरचा हवापंप कपाटात. त्याची हवा ज्या खोलीत फवारणीचा पंप किंवा औषधांचे डबे ठेवले आहेत तिथून घेऊ नये. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत हात साबणाने धुतल्याशिवाय टाकीत घालू नयेत. फवारणीची बादली मिठासाठी कधीच नाही. मच्छर मारण्याची अगरबत्तीही त्या खोलीत नको. या सगळ्यांतली कीटकनाशकं कोळंबीला आधी मारतात.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावला. अर्थिंगचा खड्डा तपासला तर काळी माती भेगाळून पत्रा सुटा झालेला होता. तो नव्याने भरून घेतला आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी त्यात घालायचं ठरलं. प्रत्येक वायरचा झोळ प्लगच्या खाली.

दिवे सगळ्यांत शेवटी बदलले. ५० वॅटचे दोन फुल स्पेक्ट्रम, ४० टक्क्यांवर सुरुवात, तीन आठवड्यांत ७० वर, दिवसाला आठ तास.

जे अपेक्षित नव्हतं

फॉस्फेटसाठी रिऍक्टरमध्ये (ज्यातून पाणी फिरतं त्या नळकांड्यात) फॉस्फेट शोषणारं ६० ग्रॅम फेरिक ऑक्साइड घातलं. पाच दिवसांत ०.६ चं ०.०५ झालं आणि टोडस्टूल आकसला. एवढी झटपट उतरण त्याला सोसली नाही. माध्यम काढून १५ ग्रॅमवर आणलं, आठवड्याला एकदा मोजत. दोन्ही आकडे शून्यावर नेणं हे ध्येयच नको. नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०३ ते ०.१०. शून्यावर गेलेल्या टाकीत तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेट येतात आणि ते केसाळ शेवाळापेक्षा चिवट असतात.

दुसरं जास्त शिकण्यासारखं. सहा आठवड्यांनी अल्कलिनिटी ६.६ वर आली. नव्या मिठात दोष नव्हता. आधी बोअरच्या पाण्यातून रोज बायकार्बोनेट येत होतं, आणि टाकीची रोजची भूक त्यावर भागत होती. डीआयच्या पाण्यात ते नाही. खाण्याचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे, २६० लिटरला १ डीकेएच वाढवायला ७.८ ग्रॅम. रोज ४ ग्रॅम, पेलाभर डीआय पाण्यात विरघळवून संपाच्या पहिल्या कप्प्यात, तीन दिवस. ८ वर आल्यावर रोज १ ग्रॅम. कॅल्शियम पाणी बदलण्यानेच ४१० वर आलं.

झोआंथसचे तुकडे दगडावर हलवताना हातमोजे आणि चष्मा घालावाच. त्यांत पॅलिटॉक्सिन असू शकतं. दगड कधीही गरम पाण्यात उकळू नयेत, वाफेतून विषबाधा होते.

सप्टेंबरअखेर क्षारता ३५ वर स्थिर, नायट्रेट १२, झोआंथस उघडे आणि पसरत चाललेले. फॉस्फेट अजून ०.१२ आहे. ते वाळूत धरून बसलेलं आहे, म्हणून दर पंधरवड्याला वाळूचा एक चतुर्थांश पट्टा सायफनने काढून धुतला जातो. सगळी वाळू एकदम ढवळली तर दोन वर्षांचा गाळ एका रात्रीत पाण्यात येईल.